ढालीसाठी मागितलेला जोगवा

कल्याणच्या मुलींच्या शाळेत मोठ्या बाईंच्या खोलीत एक ढाल टांगलेली आहे. शिसवी लाकडाची, मधोमध चांदीचा पत्रा. क्षयरोग्यांसाठी मदत गोळा करायची आणि लोकांना त्या रोगाची माहिती द्यायची, या कामात जी शाळा पुढं येईल तिला जिल्ह्यातून ही ढाल मिळायची. आमच्या शाळेला ती कशी मिळाली असं आता तिथं कुणाला विचारलं तर सांगतात, मुलींनी घरोघर डबे फिरवले. हे खोटं आहे. डब्यांनी काहीसुद्धा झालं नाही. मी सांगू शकतो, कारण डबे नकोत म्हणून पहिला मी भांडलो होतो.

‘आमची शाळा’ म्हणतो खरा, पण मी तिथं शिकलेलो नाही. मी दुसरीपर्यंत शिकलो, ते जुन्नरकडच्या आमच्या गावात. तिसरीत मास्तरांनी छडी मारली, मी ती हिसकावून मोडली आणि परत शाळेची पायरी चढलो नाही. पुढं कल्याणला आलो, दुसऱ्याचा टांगा हाकला, मग स्वतःचा केला. स्टेशनाबाहेर टांग्यांचा अड्डा होता, तिथं माझ्या घोडीसारखी घोडी दुसरी नव्हती. पांढरी, उंच, पाठीवर माशी बसली तरी चकाकी डागाळेल अशी. लोक थांबून बघायचे. मी भाड्यात घासाघीस करत नसे. सांगितलं ते भाडं, नको असेल तर मागचा टांगा आहे, असं म्हणायचो आणि तोंड फिरवून बसायचो. उपाशी राहीन, पण हात पसरणार नाही, हा माझा बाणा. थोरल्या मुलीला शाळेत घातली तीही याच बाण्यापायी. टांग्यातून वकिलांच्या मुली शाळेत नेऊन सोडायचो. म्हटलं, यांच्या जाऊ शकतात तर माझी का नको?

स्वातंत्र्य मिळून चारपाच वर्षं झाली असतील. मुलगी सहावीत होती. एक दिवस घरी आली ती पत्र्याचा डबा घेऊन. वर फट पाडलेली, झाकण लाखेनं बंद केलेलं.

“हे काय?”

“बाबा, क्षयरोग्यांसाठी मदत मागायचीय. जिल्ह्यातल्या सगळ्या शाळा मागणार. जिंकेल तिला ढाल. मुलांच्या शाळेकडं बँड आहे, आमच्याकडं काही नाही, म्हणून बाई म्हणाल्या आपण घरोघर जायचं.”

“घरोघर जाऊन काय करायचं?”

“डबा पुढं करायचा.”

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, “टांगेवाल्याची पोर दुसऱ्याच्या उंबऱ्याशी डबा वाजवत उभी राहणार? भीक मागायला घातली का मी तुला शाळेत?”

बायको चुलीपुढं होती. ती म्हणाली, “भीक कशाला म्हणता? मी नवरात्रात जोगवा मागते ती काय भीक?”

आमच्याकडं देवीचा जोगवा मागायची रीत आहे. मंगळवारी नाहीतर शुक्रवारी परडी घ्यायची, पाच घरी जाऊन ‘जोगवा वाढा’ म्हणायचं, कुणी मूठभर तांदूळ, कुणी पीठ घालतं. ते घरी आणून शिजवायचं आणि सगळ्यांनी खायचं. सावकाराची बायको असली तरी मागते. माणसाचा ताठा उतरावा म्हणून ती रीत आहे, असं माझी आई सांगायची. पण तो बायकांचा ताठा, असं मी धरून चाललो होतो.

“ते देवीचं आहे,” मी म्हणालो, “हे सरकारी आहे.” आणि तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं होतं. पण मी उठलो, देव्हाऱ्यातला भंडारा घेतला, कपाळाला लावला आणि बोललो, “पोर डबा घेऊन कुणाच्या दारात गेली तर त्या दिवशी तिची शाळा बंद. देवीआईची शपथ.”

भंडारा उचलून घेतलेली शपथ आमच्यात मोडत नाहीत. मुलीनं डबा कोनाड्यात ठेवला आणि बाहेर जाऊन बसली. बायको काही बोलली नाही. ती बोलली नाही की समजावं, तिनं काहीतरी ठरवलं आहे. हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

आठवडा गेला. अड्ड्यावर सकाळची गाडी येऊन गेलेली, सवाऱ्या उठलेल्या. मी घोडीच्या तोंडाला तोबरा बांधत होतो. माझ्यामागं पिवळ्या टांग्यावाल्याचा नंबर. त्याची जीभ त्याच्या चाबकापेक्षा लांब.

“काय रे, हरभरा महागला का?”

“का?”

“नाही, तुझी पोरगी काल आमच्या आळीत मागत फिरत होती. म्हटलं घोडीच्या चंदीचं भागत नसेल.”

अड्ड्यावरचे सगळे हसले. मी तोबरा तसाच सोडला, टांगा वळवला आणि घरी आलो. बायको तांदूळ निवडत बसलेली.

“पोर गेली होती?”

“चारपाच दिवस जातेय. मीच धाडली.” मान वर न करता ती म्हणाली.

“मी भंडारा उचललेला.”

“ठाऊक आहे.”

पुढं काही न ऐकता मी शाळेत गेलो. शपथ म्हणजे शपथ. मोठ्या बाई पुण्याच्या. बोलणं एकदम तोलून मापून, आवाज कधी चढायचा नाही. मी दारातूनच म्हणालो, “मुलीचा दाखला हवाय.”

“बसा.”

“बसायला नाही आलो.”

“बरं, उभे राहा. कारकून उद्या येतील, दाखला उद्या मिळेल. पण आलाच आहात तर मला एक सांगा. तुम्हाला यातलं कळत असेल, आमच्यापैकी कुणाला कळत नाही.”

त्यांनी कोपऱ्याकडं बोट दाखवलं. तिथं तीन पोती उभी होती, आणि शेजारी ते पत्र्याचे डबे, झाकणं उघडलेली. एका डब्यात मी डोकावलो. तळाशी दोनचार नाणी आणि बाकी तांदूळ.

“फटीतून?” मी विचारलं.

“एकेक दाणा ढकलून घातलेत, बाकीचे ओच्यात आणलेत,” बाई म्हणाल्या. “चूक तुमच्या मुलीची. म्हणजे सुरुवात तिनं केली. मी मुलींना भाषण लिहून दिलं होतं. ‘माननीय भगिनींनो, क्षयरोग हा राष्ट्राचा शत्रू आहे’, असं. तुमची मुलगी पहिल्याच दारात ते विसरली आणि तिच्या तोंडून निघालं, ‘जोगवा वाढा’. घरातली बाई आत गेली आणि मूठभर तांदूळ घेऊन आली. दुसऱ्या घरी तेच. ते बघून बाकीच्या मुलींनीही भाषण सोडून दिलं. आता माझ्याकडं पैसे नाहीत, धान्य आहे.”

खरं सांगायचं तर मला हसू आलं. पण मी हसलो नाही.

“स्पर्धेत फक्त पैसे धरतात,” बाई पुढं म्हणाल्या. “परवापर्यंत रक्कम ठाण्याला पोचायला हवी. एक व्यापारी ही पोती घ्यायला तयार आहे. माझ्या शिक्षिका म्हणतात, विकून मोकळ्या व्हा.”

“जोगवा विकणार?” माझा आवाज चढला.

“म्हणूनच थांबलेय.”

“बाई, जोगवा विकत नाहीत. शिजवतात. शिजवून खायचा, नाहीतर खाऊ घालायचा. रेशनच्या रांगेत उभं राहून आणलेल्या तांदळातली मूठ आहे ती. देवीच्या नावानं घातलेली. तुम्ही ती दुकानात मांडली तर उद्या एकही बाई या शाळेला दारात उभी करणार नाही.”

बाईंनी चष्मा काढून पुसला. “मग ढाल गेली.”

“गेली तर गेली! भात खायला तोंडं आहेत की नाहीत कुठं?”

“आहेत की. शहाडच्या अलीकडं नदीकाठी क्षयरोग्यांचा दवाखाना आहे ना. औषधाबरोबर त्यांना पोटभर जेवण लागतं आणि तेच तिथं मिळत नाही. पण तिकडं न्यायला टांगा मिळत नाही. कालपासून तिघांना विचारलं. तिकडची सवारी म्हटली की सगळे दुसरीकडं बघतात.”

हे मला माहीत होतं. मी स्वतः दोनदा दुसरीकडं बघितलं होतं.

“तुम्हीही नाही म्हणालात तर मी समजू शकते,” बाई म्हणाल्या.

ही बाई मला ओळखत नव्हती, पण माझी नस तिला बरोबर सापडली. “मी कुणाला भितो असं वाटतं का तुम्हाला?” मी म्हणालो आणि पहिलं पोतं पाठीवर घेतलं.

दोन पोती मागं, एक माझ्या पायाशी, आणि बाई मागच्या बाकावर अंग चोरून बसलेल्या. गाव मागं पडलं तशी मी सवयीनं तंबाखूची पिंक टाकली.

“तुमच्या मुलीनं बघितलं असतं तर टांगा थांबवायला लावला असता,” बाई मागून म्हणाल्या.

“घरी लावतेच की,” मी म्हणालो. ते खरं होतं. मोरीत थुंकू नका, अंगणात थुंकू नका, खोकताना तोंडावर फडकं धरा, आठवडाभर तिनं डोकं उठवलं होतं. मला वाटायचं, ही माझ्यावर रागावलीय म्हणून मुद्दाम करते. बाईंनी सांगितलं, ढालीच्या स्पर्धेत तेही असतं. नुसतं मागायचं नाही, सांगायचंही. महिनाभर खोकला हटत नसेल तर तपासून घ्या. हा रोग लपवू नका. आता नवी सुई आली आहे, माणूस बरा होतो. मुलींनी प्रत्येक दारात हे सांगितलं होतं, आणि तेवढं मात्र एकही विसरली नव्हती.

दवाखाना म्हणजे एक लांब बैठी इमारत. ओसरीत खाटा, खाटेखाली झाकणाची भांडी. उन्हात बसलेली माणसं आमच्याकडं बघत होती. मी पोतं उचलणार इतक्यात कुणीतरी जिभेनं ‘टक् टक्’ असा आवाज केला आणि माझ्या घोडीनं कान टवकारले. त्या आवाजाला ती फक्त दोघांच्या वळायची. एक मी. आणि दुसरा माझा अड्ड्यावरचा जोडीदार, जो वर्षभरापूर्वी घोडा विकून नाहीसा झाला होता. बायको त्याची सांगायची, गावी गेलेत. पिवळ्या टांग्यावाला सांगायचा, कुणा बाईच्या नादानं पळाला.

तो शेवटच्या खाटेवर बसला होता. खांद्याची हाडं सदऱ्यातून वर आलेली.

“तिथंच थांब,” तो म्हणाला. “घोडी छान ठेवलीस रे.”

“तू गावी गेलेलास ना?”

“कुठलं गाव? घरातच होतो. माळ्यावर.”

“माळ्यावर?”

“वर्षभर. ही खाली सगळ्यांना सांगायची गावी गेलाय म्हणून, आणि मी वर तोंडात फडकं कोंबून खोकायचो. सांगितलं असतं तर घरमालकानं खोली सोडायला लावली असती. मुलीचं लग्न ठरत होतं, तेही मोडलं असतं.”

“मग इथं कसा पोचलास?”

“तुला ठाऊक नाही?” तो माझ्याकडं बघत राहिला. “तुझ्या पोरीमुळं. दारात आली, ‘जोगवा वाढा’ म्हणाली. ही तांदूळ घेऊन गेली. पोर सांगायला लागली, लपवू नका, सुई आलीय, बरा होतो. मी वर पडून ऐकत होतो. ऐकता ऐकता ढास लागली. दाबली, पण दबेना.”

“मग?”

“पोरीनं वर बघितलं. हिचं तोंड पांढरं फटक पडलेलं. तर पोर म्हणते, ‘काकू, माळ्यावर मांजर आहे वाटतं. मांजरालाही बरं करतात दवाखान्यात.’ ही जी रडायला लागली! संध्याकाळी या बाई आल्या. कुणाकुणाला भेटून खाट मिळवली यांनी. बैलगाडीत गवताखाली झोपवून आणलं मला. चार सुया झाल्या. ताप उतरलाय.”

मी म्हटलं, “घरी एक शब्द बोलली नाही ती.”

“मीच सांगितलं होतं, बापाला सांगू नको. तो अड्ड्यावर बोलेल.”

“मी बोललो असतो?”

“बोलला नसतास?”

मी पोती आत नेऊन ठेवली. बाईंना घेऊन परत निघालो. शाळेपाशी उतरताना त्या म्हणाल्या, “भाडं किती?”

“जोगव्याचं भाडं घेत नाहीत.”

“आणि दाखला?”

“बघू,” मी म्हणालो.

बघू म्हणालो खरा, पण बघायचं काय? मुलीनं केलं ते मी, माझा अख्खा अड्डा, कुणीच केलं नव्हतं. ज्याच्या चिलमीतून आम्ही ओढायचो त्याच्या तोंडावरचं मरण आम्हाला दिसलं नाही, बारा वर्षांच्या पोरीला ऐकू आलं. तिला शाळेतून काढणं म्हणजे पाप. आणि भंडारा उचलून घेतलेली शपथ मोडणं म्हणजेही पाप. मी मधे अडकलो.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “तुम्ही काय बोलला होता ते आठवा. डबा घेऊन गेली तर, असं बोलला होता. ती डबा घेऊन गेलीच नाही. माझी परडी घेऊन गेली. मी दिली.”

“देवीपुढं वकिली नको. मनात काय होतं ते तिला कळतं.”

“मग बसा शपथ कुरवाळत.”

दोन दिवस मुलगी घरी राहिली. दप्तर भरून भिंतीला टेकवून ठेवलेलं. ती ते उघडायची नाही आणि जागचं हलवायचीही नाही. माझ्याशी बोलायची, पाणी द्यायची, जेवायला वाढायची, आणि तेच जास्त लागायचं. मी घोडीला इतका खरारा केला की ती मला लाथ मारायला निघाली.

गुरुवारी संध्याकाळी बायको समोर येऊन बसली. “भंडारा तुम्ही उचललात. उतरवायचाही तुम्हीच. उद्या शुक्रवार. पाच घरं जोगवा मागा आणि आईला सांगा, चुकलो, शपथ माघारी घे.”

“मी? मागू?”

“बारा वर्षांची पोर मागते. तुमचा हात काय आखडलाय?”

“लोक काय म्हणतील?”

“लोक म्हणतात ते तुम्ही आजवर कधी ऐकलंत, ते आता ऐकताय?”

शुक्रवारी सकाळी मी आंघोळ केली, गळ्यात कवड्यांची माळ घातली, कपाळाला भंडारा लावला, अनवाणी निघालो. हातात परडी. मुलगी दारात उभी होती. मी तिच्याकडं बघितलं नाही.

पहिलं घर शेजारचंच. दारात उभा राहिलो आणि आवाजच फुटेना. उभ्या गावाला ‘हटो, बाजू’ ओरडून बाजूला करणारा माणूस मी, आणि दोन शब्द तोंडातून निघत नव्हते. आतून शेजारीण बाहेर आली. “अगं बाई, तुम्ही? घरी बरं आहे ना सगळं?” मी परडी पुढं केली. तिनं माळ बघितली, भंडारा बघितला, आणि पुढचं काही न विचारता आत जाऊन तांदूळ आणले. बायकांना या गोष्टी सांगाव्या लागत नाहीत.

दुसऱ्या घरी आवाज फुटला. तिसऱ्या घरी एक लहान पोरगं ‘टांगेवाला आला, टांगेवाला आला’ म्हणत नाचलं, त्याची आई त्याला आत ओढून घेऊन गेली. चौथं घर माझ्या जोडीदाराचं. त्याच्या बायकोनं ओंजळ भरून तांदूळ घातले आणि पदर डोळ्याला लावला. मी म्हणालो, “ताप उतरलाय त्याचा. बघून आलोय.” ती म्हणाली, “बसा ना भावोजी.” पण जोगवा मागणारा बसत नाही.

पाचवं घर कुठलंही चाललं असतं. वाटेत दहा घरं होती. पण ताठा उतरवायचा तर पुरता उतरवावा, अर्धा ठेवून देवीला फसवता येत नाही. मी पिवळ्या टांग्यावाल्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. तो ओट्यावर बसून लगामाला तेल लावत होता.

“अरे वा!” तो म्हणाला. “आधी पोर, आता बाप. घोडी कधी येणार?”

“जोगवा वाढा,” मी म्हणालो.

तो दात काढून बघत राहिला. मी उभाच. आतून त्याची म्हातारी आई ओरडली, “मुडद्या, दारात आईचा जोगवा मागणारा उभा आहे आणि तू खिदळतोस? ऊठ, हात धू, वाढ!”

तो उठला. हात धुऊन आला, मूठ भरून तांदूळ आणले. परडीत घालताना हळूच म्हणाला, “कशासाठी रे?”

“पोरीच्या शाळेसाठी.”

“एवढ्यासाठी?”

“एवढ्यासाठी. आणि ऐक, महिनाभर खोकला हटत नसेल तर दवाखान्यात दाखव.”

“मला कुठं खोकलाय?”

“नसला तरी सांगायचं असतं.”

घरी येऊन परडी देव्हाऱ्यापुढं ठेवली आणि म्हणालो, “आई, चुकलो.” कुणाला चुकलो म्हणायची माझी ती पहिलीच वेळ. बायकोनं भात टाकला. धाकट्या लेकरासकट चौघांनी तो खाल्ला. जेवताना मुलगी ताटाकडं बघत म्हणाली, “बाबा, उद्या शनिवार. सकाळची शाळा असते.”

“मग लवकर ऊठ,” मी म्हणालो. “पहिली गाडी यायच्या आत सोडतो तुला. टांग्यातून.”

त्या वर्षीचा बक्षीस समारंभ ठाण्याला झाला. मी बायकोला घेऊन गेलो. मोठा हॉल, पुढं टेबलावर ती ढाल ठेवलेली. अध्यक्ष साहेबांनी शाळांची नावं वाचली. पैशात मुलांची शाळा पहिली आली, बँड वाजला, ढाल त्यांना गेली. मग साहेबांनी आमच्या बाईंचा अहवाल वाचून दाखवला. धान्य कसं जमलं, ते दवाखान्यात कसं गेलं, आणि मुली दारात सांगून गेल्यावर किती घरांतली माणसं आपण होऊन तपासायला आली. साहेब म्हणाले, “हे काम मोठं आहे. पण नियमात फक्त रोख रक्कम धरतात. पुढच्या वर्षीपासून आपण धान्य आणि तपासणीला आणलेले रोगी, दोन्ही धरू.”

मी उभा राहिलो. बायकोनं सदरा ओढला, पण मी उभा राहिलोच.

“साहेब, पुढच्या वर्षी का? भात यंदाच शिजला की!”

लोक हसले. साहेबही हसले. आमच्या बाईंनी तोंडावर पदर धरला. साहेब म्हणाले, “तुम्ही कोण?”

“टांगेवाला. ती पोती मी नेली.”

“मग तुम्हाला हक्क आहे बोलायचा,” ते म्हणाले. पण ढाल काही दिली नाही. नियम म्हणजेही शपथच, त्यांनाही ती मोडता येत नव्हती. हे मला पटलं, म्हणून बसलो.

पुढच्या वर्षी परिपत्रकात ती ओळ छापून आली. मोठ्या बाईंनी मला शाळेत बोलावून ती वाचून दाखवली. त्या वर्षी मुलींनी डबे घेतलेच नाहीत. परड्या घेतल्या. बामणांच्या, वाण्यांच्या, आगऱ्यांच्या सगळ्या आळ्या हिंडल्या, आणि पोती इतकी झाली की एका टांग्यानं भागेना. मी अड्ड्यावर जाऊन नुसतं विचारलं, “शहाडच्या दवाखान्याला कोण येतंय?” पहिल्यांदा सगळ्यांनी दुसरीकडं बघितलं. मग पिवळ्या टांग्यावाला म्हणाला, “चल, माझ्या आईनं घातलेत तांदूळ त्यात. नाही आलो तर जेवायला देणार नाही ती मला.” त्या दिवशी तीन टांगे एकामागं एक नदीकडं गेले. माझा जोडीदार तोवर घरी आला होता. टांगा हाकायची ताकद आली नव्हती, पण तो माझ्याशेजारी बसला आणि मला सबंध वाटभर घोडी कशी हाकावी ते शिकवत राहिला.

ढाल आम्हाला मिळाली. बाईंनी ती घ्यायला माझ्या मुलीला व्यासपीठावर धाडलं. साहेब तेच होते. त्यांनी ढाल तिच्या हातात दिली आणि कौतुकानं विचारलं, “बाळ, बाकीच्या शाळांना लोक पैसे देतात. तुम्हाला सगळीकडं धान्यच कसं मिळालं?”

मुलगी म्हणाली, “आम्ही पैसे मागतच नाही. पैसे घरातल्या पुरुषांकडं असतात, आणि दुपारी ते घरी नसतात. बायकांच्या हातात तांदळाचा डबा असतो, म्हणून आम्ही तांदूळ मागतो.”

हॉलमधल्या बायकांनी आधी टाळ्या वाजवल्या, मग पुरुषांनी. माझी बायको शेजारी बसून टाळ्या वाजवत होती, आणि तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

पुढं लागोपाठ दोन वर्षं ढाल आमच्याकडंच आली, म्हणून नियमाप्रमाणं ती कायमची शाळेत राहिली. मुलगी त्याच शाळेतून मॅट्रिक झाली. शपथ माघारी घेतल्याबद्दल देवीनं मला आजवर काही विचारलेलं नाही.